दुखरीचा विसावा

आदगोंडा चौगुले मुंगीला वाट देऊन मगच पाऊल टाकायचे. मुंग्यांची रांग लांबली म्हणून एकदा त्यांची एसटी चुकली, असं जयसिंगपूर अजून शपथेवर सांगतं. अशा माणसानं घरात पिनबॉल बांधला.

जुन्या पलंगाची फळी, वर काच, बेअरिंगमधली पोलादी गोळी. तळाशी दोन वल्ही. तारेच्या वेटोळ्यात वीज आली की ती फटकन उडत आणि गोळी वर भिरकावत. चुकली की गोळी खालच्या मोरीत, तिथल्या बटणावर. सगळं झकास, पण खेळायला जोडीदार नव्हता. म्हणून त्यांनी मेहुण्याकडून एक ‘दुखरी’ मागून आणली.

दुखरी म्हणजे कारखान्यातल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसला वेदनेची कळ देणारी चकती. साच्यावर नको तितका भार आला की तिला दुखायचं आणि प्रेस स्वतःच मागं सरायची. वीज गेली तरी शुद्धीवर राहावी म्हणून पोटात स्वतंत्र सेल. मेहुण्याच्या, भूपालच्या कारखान्यात त्या यंदाच बसल्या होत्या. आदगोंडांनी तिची कळ मोरीतल्या बटणाला जोडली आणि वल्ही तिच्या ताब्यात दिली; गोळी बटणावर पडली की तिला दुखणार.

वल्ही आपापली खेळू लागली. गोळी पडेचना.

“कळवळून खेळतंय की ओ दाजी!” भूपाल म्हणाला. “तुमच्यागत डुलक्या नाहीत.”

खंडेनवमीला त्यांच्या पत्नी पद्माक्का हळदकुंकू घेऊन आल्या. “अहो, बंद करा ते. आज यंत्राला विसावा द्यायचा असतोय.”

आदगोंडांनी वीज बंद केली. वल्ही लुळी पडली, गोळी घरंगळत मोरीत गेली. झेंडूची माळ घालून त्यांनी हात जोडले. “बिचारं दमलं होतं,” म्हणाले, आणि दिवस मावळायच्या आत जेवायला बसले.

दसऱ्याला सकाळी वीज दिली मात्र, वल्ही फळीवर आपटू लागली. जवळ गोळी नाही, काही नाही, तरी आपटतच होती. एकाचं टोक तुटलं. उरलेलं थोटूकही आपटत राहिलं. काच तडकली. आदगोंडांनी मोरीतली गोळी उचलली, तेव्हा कुठं ती थांबली.

गोळी कालपासून बटणावर होती. सेल जागा होता.

“आम्ही त्याचे हात तेवढे बांधले गं,” ते पुटपुटले. “दुखणं चालूच ठेवलं.”

“यंत्र आहे ते, दाजी,” शिलंगणाचे पेढे घेऊन आलेला भूपाल हसला.

“तुझ्या प्रेसची पूजा कशी केलीस?”

“दरसालागत. साच्यात लिंबू चिरडायचं, प्रेस तशीच दाबून बंद करायची, दसऱ्याला...” भूपालचं हसू विरलं. त्यानं खिशातला फोन काढला. “मुहूर्तावर प्रेस चालू करायला शांतिनाथ गेलाय.”

शांतिनाथ त्याचा मुलगा. फोन वाजत राहिला.

कारखाना दोन गल्ल्यांपलीकडे होता. थोरल्या प्रेसचा ठोका ऐकू आला. लगेच दुसरा. मग मोजता येईनात इतके.

पद्माक्कांच्या हातातलं ताट कलंडलं.

“अहो, त्यानं लिंबू काढायला हात घातला नसंल ना?”