केरूची दोन मिनिटं

१९८५च्या पावसाळ्यात मी रत्नागिरीला, नद्यांची पातळी नोंदवणाऱ्या एका कचेरीत वायरलेसवर बसत असे. सगळ्या ठाण्यांना मिळून एकच चॅनेल. बोलायचं तर बटण दाबून धरायचं; दोघं एकदम बोलले तर एकाचा आवाज वर राही, दुसऱ्याचा त्याखाली बुडे. म्हणून सकाळी प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं नेमून दिलेली. आठला मंडणगडची कमळा, मग देवरूखजवळच्या नदीवरून आत्माराम, मग घाटाखालच्या ठाण्यावरून केरू, शेवटी मी; मला सगळे ‘बाई’ म्हणत.

आत्माराम बोलघेवडा. केरूच्या वेळात घुसून वर त्याचीच थट्टा करी, “काय रे केरू, पाणी मोजतोस की मासे?” केरू आपला मुकाट थांबून राही.

श्रावणात कुणाला तोडून बोलायचं नाही, हा माझा नेम. त्या सोमवारी आत्माराम कमळाला घरच्या मखराचं सांगत सुटला. चार मिनिटं उलटली तरी थांबेना. त्याच्या बोलण्याखाली केरू काहीतरी सांगत होता. “बाई” एवढंच नीट आलं, आणि त्यातली घाई. आत्माराम दम घ्यायला बटण सोडी, तेवढ्यात त्याला गप्प करता आलं असतं. मी त्याचं पुरं होऊ दिलं.

पुरात वाहून गेलेल्या केरूचं प्रेत तिसऱ्या दिवशी खाडीत सापडलं.

त्याची वेळ फुकट जायला नको म्हणून साहेबांनी ती आत्मारामला द्यायला सांगितली. नवं वेळापत्रक मीच लिहिलं.

पहिल्याच सकाळी, आठ वाजून चार मिनिटांनी, आत्मारामचा आवाज तुटला. कुणीतरी बटण दाबून धरलं होतं. मागे पाण्याचा लोंढा, आणि केरूचा तोच संथ सूर, “सात फूट.”

“बाई, ही चेष्टा कोण करतंय?” आत्माराम मागाहून म्हणाला. “इथे ऊन पडलंय. नदी गुडघाभर आहे.”

दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी अकरा. आत्मारामच्या खोलीची जमीन नदीच्या तळापासून बारा फुटांवर होती. काही दिवस खोली सोडून राहा, असं मी त्याला विनवलं. गुडघाभर नदीला भिऊन पळालो तर लोक हसतील, म्हणाला.

चौथ्या दिवशीही ऊन होतं.

“बारा.”

त्या आवाजाखालून आत्माराम हाक मारत होता. “बाई, दार उघडत नाही.”

“तेरा.”

मी नेम मोडला. केरू, पुरे कर, असं ओरडले. बटण त्याने धरलेलं. माझं कुठेच पोचलं नाही.

“चौदा.”

देवरूखची माणसं पोचली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. जमीन कोरडी. आत्माराम खुर्चीतच होता. त्याला पालथा केला तेव्हा नाकातोंडातून गढूळ पाणी आलं.

दुसऱ्या सकाळी माझी वेळ झाली. मी दिवसाचे आकडे वाचले आणि बटण सोडलं.

कमळाने हळूच विचारलं, “बाई, तुमच्या शेजारी बसून कोण मोजतंय?”