खूण केलेला सूर्य

दोन हजार आठशे ऐंशी. हा आकडा शाळेच्या भिंतींपासून साड्यांच्या पदरापर्यंत सगळीकडे पोचला होता. आपल्या आकाशगंगेत बुद्धिमान संस्कृती किती, याचं ते उत्तर. डॉ. यशोधरा बेहेरे यांनी ते काढलं, तेव्हा आपण एकटे नाही म्हणून लोकांनी पेढे वाटले होते. आता तेच लोक घरातसुद्धा आवाज खाली ठेवून बोलत होते, आणि यशोधराबाई पाटणच्या पठारावरच्या वेधशाळेत सकाळपासून येरझारा घालत होत्या.

पृथ्वीच्या सुरक्षेचा निर्णय घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष दादासाहेब मोहिते समोर बसले होते. दुपारी मतदान होतं. ठराव एका ओळीचा होता: पृथ्वीवरून अवकाशात जाणारं सगळं प्रक्षेपण बंद. लोक त्याला महामौन म्हणत.

"बाई, आधी बसा. तुमच्याकडे बघून मलाच गरगरायला लागलंय," दादासाहेब म्हणाले. "आणि मला अडाण्याला सांगावं तसं सांगा. यात मासे कुठून आले?"

मासे आले होते उजनीच्या जलाशयातून. खगोलशास्त्राकडे वळण्याआधी यशोधराबाई तिथे मासे मोजायच्या. मोजण्यासाठी पाणी उपसावं लागत नाही. जाळं टाकायचं, सापडतील त्या माशांवर खूण करून ते सोडून द्यायचे, आणि काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकायचं. दुसऱ्या खेपेला खुणेचे मासे जितके कमी, तितके पाण्यात एकूण मासे जास्त. आकाशातही त्यांनी हेच केलं होतं. पहिल्या पाहणीत शहाण्णव ताऱ्यांकडून रेडिओचा आवाज आला, वीस वर्षांनंतरच्या दुसऱ्या पाहणीत नव्वद ताऱ्यांकडून. दोन्ही वेळा सापडलेले तारे फक्त तीन. शहाण्णव गुणिले नव्वद, भागिले तीन. झाला आकडा तयार.

"इथवर डोक्यात शिरलं. आणि टिकली?"

टिकली हे नाव वेधशाळेतल्याच कुणीतरी ठेवलं होतं. त्या प्रत्येक ताऱ्यासमोरून एक काळी तबकडी फिरत होती. तारा लहान असो की मोठा, तबकडी त्याच आकाराची. निसर्ग असा छापखाना चालवत नाही. गेल्या महिन्यात तशीच एक तबकडी आपल्या सूर्याभोवती सापडली आणि पेढे वाटणाऱ्यांची झोप उडाली.

"कुणीतरी आपल्या आधीच जाळं टाकून गेलंय," यशोधराबाई म्हणाल्या. "आपण खुणेचे आहोत."

"पण एवढी मोजणी करतात कशाला?"

"किती पकडता येतील ते ठरवायला."

दादासाहेबांनी रुमालाने मान पुसली. "मग लपायलाच हवं. त्यात विचार कसला?"

विचार रेवाचा होता. यशोधराबाईंची ही एकुलती एक मुलगी शनीच्या टायटन या चंद्रावरच्या वसाहतीत राहत होती. तिथे रसद नेणारी यानं पृथ्वीवरून रेडिओनेच हाकली जात. महामौन झालं की यानं बंद, आणि तिथल्या तीनशे माणसांची उपासमार. समितीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, पण कुणी तोंडातून शब्द काढत नव्हतं.

"लपण्यानेच घात होईल," यशोधराबाई घाईघाईने म्हणाल्या. "खुणेचा मासा दडून बसला की मोजणाऱ्याला वाटतं, खुणेचे इतके थोडे आले, म्हणजे पाण्यात मासे उदंड आहेत! मग तो दहाच्या जागी शंभर पकडतो. पहिल्या पाहणीतले माझे त्र्याण्णव तारे असेच गप्प झालेत. ते दडलेत की पकडले गेलेत, देव जाणे. पण ते दडले असतील, तर माझा आकडा निव्वळ फुगलेला आहे, आणि त्या मोजणाऱ्यांचाही तसाच फुगलेला असणार. आपण गप्प झालो तर तो आणखी फुगेल."

"हे शास्त्रज्ञ बोलतेय की आई?"

"मला खरंच सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. "पण गणित बरोबर आहे, दादासाहेब."

दादासाहेबांनी रुमालाची घडी घातली. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या डोक्यावर हजार कोटी माणसांचा भार होता.

"म्हणजे या सूर्याजवळून आवाज येत राहिला पाहिजे."

"हो! तेच तर सांगतेय मी."

"तो पृथ्वीवरूनच आला पाहिजे असं काही आहे का?"

"तसं काही नाही. मोजणीत तारा धरला जातो. आसपासच्या कुठल्याही गोलावरून आला तरी चालेल."

"आणि ते पकडायला आले, तर आधी कुठे जातील?"

"जिथून आवाज येतोय तिथे..." यशोधराबाईंची जीभ अडखळली. दादासाहेब उठून उभे राहिले होते. त्यांनी बाईंच्या नजरेला नजर दिली नाही.

दुपारी ठराव एकमताने मंजूर झाला. त्याला एक दुरुस्ती जोडली होती: टायटनला काहीही कळवू नये. यशोधराबाई धापा टाकत प्रक्षेपण कक्षाकडे धावल्या. दारावर पहारा बसला होता. त्यांनी पहारेकऱ्यांचे हात धरले, आरडाओरडा केला, एकच वाक्य पाठवू द्या म्हणून पदर पसरला. आपणच समजावून दिलेलं गणित आपल्या लेकीच्या जिवावर उठलं होतं, आणि त्या गणितात कुठेही चूक नव्हती.

ऐकण्याची यंत्रं मात्र चालू ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी टायटनवरून रेवाचा आवाज आला, नेहमीसारखाच उत्साही.

"आई, पृथ्वीवरून कालपासून काहीच येत नाहीये. तुमच्याकडे काहीतरी बिघडलेलं दिसतंय. आमचाही आवाज पोचत नसेल, म्हणून आजपासून आम्ही प्रक्षेपणाची ताकद दुप्पट केलीय. तू घाबरू नकोस. तुमचं उत्तर येईपर्यंत आम्ही हाका मारत राहू."