खुब्याच्या दांड्याची चकाकी

"अहो, हे काय करून ठेवलंत?" ताईंनी पॅन उचललं. नॉनस्टिकचा काळा थर गायब, खाली लख्ख अ‍ॅल्युमिनियम.

"डाग पडले होते. तासभर घासलं," त्यांचे यजमान ऐटीत म्हणाले.

खासगी गुप्तहेर म्हणून ताईंनी भलेभले वठणीवर आणले होते. या एका माणसापुढे मात्र त्यांनी केव्हाच हात टेकले होते. तेवढ्यात बेल वाजली.

दारात इम्प्लांटच्या कारखान्यातली संशोधक उभी होती, डोळे रडून सुजलेले. "ताई, कुणीतरी आमचा दांडा बदललाय!"

खुब्यात बसवायचा टायटॅनियमचा दांडा. लेथवाले मास्तर तो घडवत आणि ही त्यावर केसाहून हजारपट बारीक नळ्यांचा थर चढवी. हाड धरून राहतं ते त्या थराला. हा दांडा खुद्द मास्तरांच्या बायकोसाठी होता. काकूंचं ऑपरेशन उद्यावर आलेलं, हाडं ठिसूळ. गुळगुळीत दांडा सैल झाला तर त्या पुन्हा चालणार नाहीत.

"काल तो मळकट निळा होता, पाण्याचा थेंब टाकला की पसरायचा. आज चकचकीत! थेंब मण्यासारखा उभा राहतो."

दांडा ठेवलेल्या कपाटाच्या किल्ल्या तिघांकडेच होत्या: ती, सर्जन आणि मास्तर.

सर्जन कारखान्यातच भेटले. "मला जुना गुळगुळीत दांडाच पसंत, हे मी उघड बोललोय. पण किल्लीला मी महिनाभर हात लावलेला नाही."

"हाच तो!" यजमान ताईंच्या कानाशी लागले.

"जरा गप्प बसाल का?" ताईंनी दांडा भिंगाखाली धरला. मग लेथपाशी उभ्या असलेल्या मास्तरांकडे वळल्या. "मास्तर, दांड्यावरचा हा नंबर तुम्हीच कोरलाय?"

"हो तर. तीनची लांब शेपटी माझीच." मास्तरांचा उजवा हात खिशात होता. दांडा घ्यायला तो बाहेर आला, अंगठा काळाकुट्ट. "आता कसा स्वच्छ दिसतोय," ते पुटपुटले.

ताई सगळ्यांना घेऊन थेट इस्पितळात काकूंच्या खोलीत गेल्या.

"दांडा बदललेलाच नाही," त्या म्हणाल्या. "नंबर मास्तरांच्या हातचा आहे. म्हणजे दांडा तोच, फक्त थर गेलाय. थेंब उभा राहतो तो त्यामुळेच. आणि टायटॅनियम पॉलिश केलं की बोटं काळी होतात. मास्तर, आज सकाळी आमच्या घरातही हेच झालंय."

यजमानांनी मान खाली घातली.

मास्तर काकूंच्या पायाशी बसले. "थर चढल्यावरचा दांडा मी कधी बघितलाच नव्हता. मला वाटलं, डाग पडलाय. हिच्या अंगात जन्मभर राहणार... डागाळलेला कसा देऊ? अरे देवा, मीच हिचे पाय मोडले."

"काही मोडलं नाही," संशोधक त्यांच्याजवळ गेली. "मापं बघितली मी, दांडा झिजलेला नाही. थर पुन्हा चढवता येईल, तपासूनही घेऊ. डॉक्टर, दोन दिवस द्याल?"

"चार घ्या," सर्जन म्हणाले.

काकूंनी नवऱ्याचा काळा अंगठा पदरानं पुसला. "चाळीस वर्षं सांगतेय, दिसेल ते घासत सुटू नका. आता मी चालायला लागले, की तुमचं फडकं आधी लपवणार आहे."

मास्तर हसता हसता रडले.

घरी परतताना यजमान भांड्यांच्या दुकानापाशी थांबले. "नवं पॅन घेऊ?"

"नको," ताईंनी त्यांचा हात धरला. "आहे तेच राहू दे."