दारातले आठ घाव

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटेल त्याने धारूरला यावं. किल्ल्याच्या उताराला आमचं घर कुणीही दाखवील. आणि शफीभाई रंगाऱ्यांचा डावा हात बघून जावा.

रात्रीबित्रीचं यात काही नाही.

भर दुपार होती. मागच्या वैशाखातला मंगळवार. ऊन असं, की गल्लीतली कुत्री नालीच्या ओलीत अंग टाकून पडलेली.

घरात मी आणि माझी माय, विमलबाई. हे घर आम्ही दोन वर्षांपूर्वी अर्जुनराव नावाच्या माणसाकडून घेतलं. पुढच्या आठवड्यात भावाच्या सोयरिकीला पाहुणे येणार, म्हणून मायला दारं-चौकटी नव्या रंगाच्या हव्या होत्या. त्या कामाला शफीभाई आलेले.

मधल्या खोलीचं दार सागवानी. त्यावर तपकिरी ऑइल पेंटचे थरावर थर. तोंड दिसावं इतकं तुळतुळीत.

"ह्याच्यावरच एक हात मारा की," मी म्हणाले.

शफीभाई हसले. "चकाकीवर रंग धरत न्हाई, ताई. घामेजल्या कपाळावर कुंकू टिकतं का? आधी घासावं लागतं."

माय जेवून त्याच खोलीत पडली. "घासा बाबा, पर भुसा माझ्या नाकात नको," म्हणाली आणि आतून कडी लावून घेतली. त्या खोलीला दुसरं दार नाही. वर एक गजांची खिडकी, वीतभर.

शफीभाईंनी सोड्याच्या पाण्यानं दार पुसलं. मग पॉलिश पेपर हातात घेतला.

खर्र... खर्र... खर्र...

हळूहळू चकाकी मेली. दार राखेच्या रंगाचं झालं. आणि त्या राखेत पांढुरके पट्टे दिसायला लागले. तिरपे. हातभर लांब.

"लांबी भरलीय," शफीभाई म्हणाले. लाकडातले खड्डे बुजवायला रंगारी जो लगदा भरतात, ती लांबी. "अन् लई घाईनं भरलीय. सैल हाय. काढावी लागंल, न्हाईतर नवा रंग फुगतो."

नेकीनं काम करणारा माणूस. हीच त्यांची चूक झाली.

त्यांनी लोखंडी पत्री लावली. ढलपा पडला. दुसरा पडला. तिसरा... असे आठ.

शफीभाईंचा हात थांबला. एका खाचेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"ताई... हे कुऱ्हाडीचे घाव हायत. बाहेरून घातलेत."

मी काही बोलणार, तेवढ्यात लक्षात आलं...

गल्लीतला एकही आवाज येत नव्हता.

धाड्!

दार बिजागरीपासून हादरलं. समोर कुणी नव्हतं. कुऱ्हाड नव्हती, हात नव्हता. पण वरच्या घावातून ताजं, पिवळं लाकूड उसळून बाहेर आलं आणि एक ढलपी माझा गाल चिरत गेली.

धाड्!

पहिला घाव बिजागरीपाशी. दुसरा घाव छातीपाशी. तिसरा घाव कडीपाशी.

"कावून बडवतीस गं दार?" आतून मायचा झोपाळू आवाज.

"मी न्हाई बडवत! माय, उघड! बाहेर ये!"

शफीभाईंनी माझ्या तोंडावर हात दाबला. पांढरेफटक पडले होते.

"उगडायला सांगू नका," ते कानात म्हणाले. "मारनारा ह्या बाजूला हाय. आपल्या बाजूला."

धाड्!

मधली फळी फाटली. फटीतून आतला अंधार दिसला. अजून दोन घाव, की दार आत पडणार होतं. आणि माय दारामागंच उभी.

शफीभाईंनी लांबीचा डबा ओढला. मुठीनं लगदा उचलून वरच्या घावात कोंबला. त्या जागी पुन्हा घाव पडला नाही. त्यांनी दुसरा बुजवला, तिसरा बुजवला... तोंडानं अल्लाचं नाव, हातानं लगदा. बाकीचे घाव वेड्यासारखे बरसत होते.

सात बुजले. आठवा कडीजवळचा. त्यांनी डावा पंजा त्यावर ठेवला...

धाड्!

दोन बोटं लांबीच्या डब्यात पडली.

शफीभाई किंचाळले, पण हात काढला नाही. रक्ताच्याच लगद्यानं तो घाव लिंपला. मग खाली कोसळले.

सगळं थांबलं.

माझ्या आरडाओरड्यानं माणसं धावली. जीप काढून शफीभाईंना अंबाजोगाईला नेलं. गल्ली भरली, तेव्हा कुठं मायनं कडी काढली. तिच्या तोंडावर चार बोटांचे निळे वळ होते.

"आत एक बाई हुती," माय म्हणाली. "दाराला पाठ लावून. केस सुटलेले, टाचा फरशीत रोवलेल्या. घाव पडला की तिची पाठ उसळायची. मी कडीला हात घातला की मान हालवायची. न्हाई, न्हाई."

"मग?"

"मी म्हनलं, बाई, बाहेर माझी लेक हाय. तर तिनं माझं तोंडच दाबलं. बरं झालं दाबलं. शेवटी तू हाक मारलीस तवा मी ओ देनार हुते."

"कोणती हाक?"

"घाव थांबल्यावर. 'माय, गेला तो. उघड आता.' लई गोड आवाजात बोललीस गं."

मी तसं काहीच बोलले नव्हते. मी ओरडत होते ती रस्त्यावर, माणसं गोळा करायला.

संध्याकाळी अर्जुनरावांना फोन लावला. मी नाव सांगितलं, दाराचं नाव काढलं.

"लांबी काढली का तुमी?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवला. त्यानंतर तो नंबर लागलेला नाही.

दार तसंच आहे, बिनरंगाचं. काढून टाकू म्हटलं तर माय आडवी येते. "तिच्या पाठीचं दार हाय ते. काढू नका."

आता मी बाहेरून हाक मारली, की माय त्या खोलीचं दार उघडत नाही. शेजारच्या मनिषाला बोलावून आणावं लागतं. तिच्या आवाजाला उघडते. मला राग येत नाही. सुरुवातीला यायचा.

काल मी बीडला गेलते. सकाळी सातच्या गाडीनं गेले, दिवेलागणीला परत आले. मनिषानं दार उघडवलं.

माय कोपऱ्यात बसलेली. ओठ कोरडे पडलेले. दिवसभर पाणीसुद्धा घ्यायला बाहेर आली नव्हती.

मला बघून म्हणाली, "घसा बसला असंल न तुझा?"

"कावून, माय?"

"दुपारधरनं हाका मारतीस..."