न बिघडलेलं मशीन

समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात. शाळेला आठवडाभर सुट्टी आहे, बाहेर ऑक्टोबरचा समुद्र करडा झालाय, आणि तुम्ही आजीच्या स्वयंपाकघरात उभे आहात. आजीने तुमच्यासमोर धुण्याचं मशीन सुरू केलं. पाणी भरलं, कपडे दहा मिनिटं फिरले आणि मशीन एकदम मेलं. दिवा नाही, आवाज नाही. संध्याकाळी तेच मशीन पुन्हा शहाण्यासारखं चालू झालं. मोठी माणसं म्हणाली, आजी बटण लावायला विसरली असेल. तुम्ही तर बटण लावलेलं स्वतः पाहिलं होतं. सांगा बरं, तुम्ही काय कराल?

इंग्लंडमधल्या मेरीपोर्टच्या ब्रायोनीने फोन केला.

मशीनच्या बाजूला एक जुना स्टिकर होता. ‘आयव्हर फिअरन, घरगुती यंत्रांची दुरुस्ती’ आणि खाली नंबर. पाच वर्षांपूर्वी पट्टा बदलायला आला तेव्हा त्याने तो चिकटवला होता. एकट्याने हे काम करणारे सगळेच चिकटवतात.

“मशीन बिघडलेलं नाहीये,” ब्रायोनी म्हणाली. “तरी तुम्ही या.”

फिअरन व्हॅनमध्ये बसून सँडविच खात होता. “बिघडलेलं नाही, तर मी येऊन काय करू?”

“ते का थांबतं ते शोधा. शनिवारच्या आत. शनिवारी आजीला वृद्धाश्रमात नेणार आहेत.”

फिअरनने सँडविच कागदात गुंडाळलं. शेजारी क्लाइव्ह हडार्ट बसला होता. निवृत्त बसचालक. बायको गेल्यापासून तो रोज सकाळी फिअरनच्या व्हॅनमध्ये येऊन बसे, टॉर्च धरायला म्हणून. टॉर्च तो बहुतेक वेळा भलत्याच जागी धरी. पण फिअरनने त्याला कधी येऊ नको म्हटलं नव्हतं.

एडना बोमन एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांनी दार उघडलं, पाहुण्यांना पाहून पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला पुसले, आणि नातीने फोन केल्याचं कळल्यावर फार लाजल्या. मग किटली ठेवली. इथे दुरुस्तीवाला दारात आला की आधी चहा होतो, मग काम.

त्यांची हकीकत अशी. गेले चार सोमवार मशीन असंच मधेच मरतंय. सोमवार हा त्यांचा पांढऱ्या कपड्यांचा दिवस, कडक गरम पाण्याचा. आईच्या वेळेपासून सोमवारच. मशीन बंद पडलं की त्या ओले कपडे टोपलीत भरून शेजारी वॉल्टर बर्केटकडे नेत आणि त्याच्या मशीनमध्ये लावत. दोन तास तिथेच बसत. भला माणूस, त्या म्हणाल्या. मधेच उठून इकडे येऊन नळ बंद आहे ना तेही बघून जायचा. संध्याकाळी घरी येऊन पाहावं तर मशीन चालू.

पहिल्या दोन वेळा त्यांचा मुलगा रोवन घरी होता. त्याला काहीच दोष सापडला नाही. मोठ्या दुकानाचा माणूस आला, त्यालाही नाही. रोवन म्हणाला, आई, तू झोपण्यापूर्वी घरातलं प्रत्येक बटण भिंतीवर बंद करतेस, हेही केलं असशील आणि विसरली असशील.

“तो म्हणतो ते खरं असेल,” एडना म्हणाल्या. “आम्ही म्हातारी माणसं सगळं बंद करूनच झोपतो.”

भिंतीवरच्या बटणाशेजारी एक चिठ्ठी चिकटवली होती. त्यांच्याच अक्षरात: सोमवार, बटण चालू केलं, मी पाहिलं. खाली सही होती.

क्लाइव्हने ती वाचली आणि दुसरीकडे बघायला लागला.

फिअरनने विचारलं, प्लग कुठे आहे? सिंकखालच्या कपाटात, अगदी मागे, जमिनीलगत. तिथे पोहोचायचं तर गुडघे टेकून अर्धं आत शिरावं लागे. एडना हसल्या. सहा वर्षांत त्या गुडघ्यांवर बसल्या नव्हत्या. बसल्या तर उठवायला जहाजाची क्रेन आणावी लागेल, म्हणाल्या.

फिअरन आत शिरला. क्लाइव्हने टॉर्च त्याच्या बुटांवर धरला.

“माझे बूट मला माहीत आहेत, क्लाइव्ह. वर धर.”

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. आमच्याकडे प्रत्येक प्लगच्या पोटात बोटाच्या पेराएवढी एक नळी असते. तिला फ्यूज म्हणतात. तिच्यातली तार ठरावीक विजेपर्यंत तग धरते. त्याहून जास्त वीज ओढली गेली की ती स्वतः जळते आणि यंत्राला वाचवते. मोठ्या यंत्रांना तेरा आकड्याचा फ्यूज लागतो.

फिअरनने प्लगचं छोटं झाकण उचकटून पाहिलं. आत तेराचाच फ्यूज होता, जुना आणि ठणठणीत.

“म्हणजे सगळं बरोबर,” क्लाइव्ह म्हणाला.

“फ्यूज बरोबर आहे. झाकणाच्या कडेला ओरखडे आहेत, नवे. प्लगवर पाच वर्षांची धूळ, आणि ओरखड्यांत धुळीचा कण नाही.”

“दुकानाचा माणूस आला होता ना.”

“एकदा. हे एकदाचे नाहीत.”

मग त्याने ब्रायोनीला स्टुलावर बसवलं आणि मोठ्या माणसाला विचारावं तसं विचारलं. मधल्या दिवसांत कधी गरम पाण्याचं धुणं लावलं होतं का? ब्रायोनीने विचार केला. शनिवारी तिने टेबलक्लॉथवर कोको सांडला होता. आजीने लगेच गरम पाण्यात लावला. मशीन शेवटपर्यंत चाललं.

“आणि रविवारी?”

रविवारी काही नाही. आजी साडेदहाला चर्चला जाते आणि बाराला येते.

फिअरनने वहीत एक ओळ लिहिली आणि चहा संपवला.

बुधवारी तो लॉर्ना गिलिंगला भेटला. ती दर शुक्रवारी एडनांकडे साफसफाईला येई. गुडघे टेकून त्या कपाटात शिरणारी ती एकटीच, असं क्लाइव्हचं म्हणणं होतं, आणि व्हॅनमध्ये त्याने तिला जवळजवळ तुरुंगात टाकलं होतं. लॉर्नाने सरळ उत्तरं दिली. प्लगला तिने हात लावला नव्हता. पण एक गोष्ट तिला खटकत होती. सिंकखालचे साबणाचे डबे ती उंचीप्रमाणे लावून जायची. गेले काही शुक्रवार ते पुढेमागे झालेले दिसत. घराची किल्ली तिच्याकडे होती, रोवनकडे होती आणि शेजारी वॉल्टरकडे होती. रविवारी? रविवारी ती चर्चमध्ये गात असते, एडनांच्या अगदी समोर.

“एडना गेल्या तर माझं एक घर कमी होईल,” ती म्हणाली. “पण कामापुरतं नाही सांगत. बाकीच्या घरांत मला कोणी बस म्हणत नाही.”

रोवन फोनवर भेटला. समुद्रातल्या पवनचक्क्यांची देखभाल करणाऱ्या बोटीवर तो होता, गेल्या पंधरवड्यापासून. शुक्रवारी किनाऱ्याला लागणार होता. आवाज थकलेला आणि तुटक होता. घर विकायचंय का, असं फिअरनने विचारलं.

“ती जिन्यावरून पडली तर मला दोन दिवसांनी कळेल,” तो म्हणाला. “तुम्ही मशीनचं बघा, मिस्टर फिअरन.”

क्लाइव्हने लगेच निकाल दिला की मुलगाच गुन्हेगार.

वॉल्टर बर्केट चौऱ्याहत्तर वर्षांचा, सडपातळ, चपळ माणूस. तीस वर्षं तो गावच्या शाळेत राखणदार होता. बाकं, घंटा, दिवे, तुटलेल्या चपला, सगळं तोच दुरुस्त करी. बुधवारीच दोघं त्याच्याकडे गेले तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि खोली काळोखी होती. छतावर एकच पिवळा बल्ब. खोलीत चार टेबल-लॅम्प होते, चारही सुंदर, झालरींच्या टोप्या घातलेले. फिअरनने खुर्चीशेजारच्या लॅम्पचं बटण दाबलं. लागला नाही. जाता जाता खिडकीतल्याचं दाबलं. तोही नाही.

“बल्ब गेलेत,” वॉल्टर म्हणाला.

त्याने चहाबरोबर मनुकांचा अर्धा पाव दोन तुकडे करून दोघांपुढे ठेवला. शिळा आहे, माफ करा, म्हणाला. बेकरी सोमवारी बंद असते, म्हणून सोमवारसाठी शनिवारीच दोन आणून ठेवतो. हा परवा राहिलेला. एडनाने तिचा अर्धाच खाल्ला होता. मन नव्हतं तिचं.

एडनांना नेणार आहेत हे त्याला ठाऊक होतं का? वॉल्टरने कपात चमचा फिरवला. मुलगा काहीतरी म्हणतो, असं ऐकलं होतं. पण तशा गोष्टी लोक बोलतात आणि मग होत नाहीत.

“शनिवारी आहे,” फिअरन म्हणाला.

चमचा थांबला.

व्हॅनमध्ये क्लाइव्ह म्हणाला, “कंजूष आहे. चार दिवे आणि लावत एकही नाही.”

फिअरनने व्हॅन बराच वेळ सुरू केली नाही.

“क्लाइव्ह, वर्षातून किती घरांत मला असं बोलावतात, जिथे काहीच बिघडलेलं नसतं?”

“बरीच.”

“चहा आधीच गाळलेला असतो. बशीत बिस्किटं. मी मशीनचं दार उघडतो, बंद करतो, आणि तासभर बसतो. यंत्र तपासायला वेळ लागत नाही. ते घर तपासायला लागतो.”

शुक्रवारी दुपारी एडनांच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. रोवनच्या अंगाला अजून डिझेलचा वास होता. लॉर्ना दाराशी उभी होती. वॉल्टर खुर्चीच्या कडेवर बसला होता. ब्रायोनी मशीनला टेकून होती.

फिअरनने खिशातून एक फ्यूज काढला. तसाच, पण त्यावर तीनचा आकडा होता. तो त्याने प्लगमध्ये बसवला, पांढरे टॉवेल टाकले आणि गरम धुणं लावलं. पाणी भरलं. टॉवेल फिरू लागले. दहाव्या मिनिटाला मशीन मेलं.

“अगदी असंच,” ब्रायोनी म्हणाली.

“ड्रम फिरवायला वीज थोडीच लागते,” फिअरन म्हणाला. “तीनचा फ्यूज तेवढी सोसतो. पाणी तापवायला चौपट लागते. तापवणं सुरू झालं की हा जळतो. मग तेराचा परत बसवला की मशीन निर्दोष. म्हणूनच कोणाला दोष सापडला नाही. मिसेस बोमन, तुम्ही काहीही विसरलेला नाहीत.”

एडनांनी टेबलाची कड धरली.

“प्लगपर्यंत त्यांचे गुडघे पोहोचत नाहीत, म्हणजे हात दुसऱ्याचा. शनिवारी गरम धुणं नीट झालं, सोमवारी झालं नाही. म्हणजे फ्यूज बदलला रविवारी, घर रिकामं असताना, साडेदहा ते बारा. किल्ल्या तीन. रोवन समुद्रावर. लॉर्ना चर्चमध्ये, सगळ्यांसमोर गात. आणि सोमवारी खरा फ्यूज परत बसवायला कोणीतरी इथे येत होतं, धुणं दुसरीकडे चालू असताना. नळ बघायला.”

क्लाइव्हच्या आता कुठे लक्षात आलं. “ते दिवे,” तो पुटपुटला.

“टेबल-लॅम्पच्या प्लगमध्ये तीनचा फ्यूज असतो. चार सोमवारी चार फ्यूज जळले. शेजारच्या खोलीत चार लॅम्प आहेत आणि एकही लागत नाही. मशीन सोमवारी बंद पडणार हे शनिवारी कोणालाच ठाऊक असायचं कारण नाही. पण शनिवारीच दोन पाव आणलेले असतात. एकट्या माणसाच्या घरी.”

वॉल्टर उभा राहिला. रोवनही उभा राहिला, मुठी आवळून, पण एडनांनी हात वर केला.

“का, वॉल्टर?”

या चार सोमवारांआधी एकदा खरंच विजेचा गोंधळ झाला होता, तो म्हणाला, सप्टेंबरात, गल्लीभर. ती टोपली घेऊन आली आणि दोन तास बसली. त्या घरात दोन तास कोणी बसलं त्याला सहा वर्षं झाली होती. पुढच्या सोमवारी तो खिडकीत उभा राहिला आणि ती आली नाही.

“तुला वेडी ठरवतील असं मनात आलं नाही गं. मला वाटलं, मशीनला ठरवतील.”

“मी रात्री उठून चिठ्ठ्या लिहीत होते,” एडना म्हणाल्या. “सही करत होते, स्वतःला खरं वाटावं म्हणून. तू नुसतं ये म्हणाला असतास तर मी आले नसते का?”

“कारण काय सांगणार होतो?”

एडना रडल्या नाहीत. त्या खूप रागावल्या होत्या आणि तो राग रास्त होता. “घरी जा, वॉल्टर,” त्या म्हणाल्या. तो गेला. मागचं दार त्याने हळू लावून घेतलं.

रोवन आईसमोर खुर्चीत बसला. उद्या कुठेही जायचं नाही, तो म्हणाला, आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून तसाच बसून राहिला. लॉर्नाने किटली ठेवली. क्लाइव्हने टॉर्च बंद केला. तो सगळा वेळ चालूच होता.

ब्रायोनी कधी बाहेर गेली ते कोणाच्या लक्षात आलं नाही. अंगणात बादली पालथी घातल्याचा आवाज आला, तेव्हा फिअरनने खिडकीतून पाहिलं. ती बादलीवर चढली होती, दोन्ही हात मधल्या भिंतीवर टेकून. पलीकडे वॉल्टर दारात पाठमोरा उभा होता, आत न जाता.

“मिस्टर बर्केट,” ती म्हणाली, “आजी अजून बरेच दिवस रागावणार आहे. तुम्ही सोमवारी या. पण दार वाजवून या.”

तो वळला नाही. तेव्हा ती तशीच उभी राहिली, वाऱ्यात, टाचा उंचावून, तो वळेपर्यंत.