पहिला गिअर पडत नाही

"ओ मॅडम, ब्रेक चपलेत बसवलेत का?"

उत्तर द्यायला क्षिप्राला सवड होती कुठे! पारसिक हिलचा उतार, भुरभुर पाऊस आणि बुडाखाली आईची शाळेच्या दिवसांतली लेडीज सायकल... ब्रेक जीव खाऊन दाबले तरी रबर ओल्या रिमवरून नुसतं घसरत होतं. शेवटी दोन्ही चपला रस्त्यावर घासत, किंचाळत ती पायथ्याच्या सायकलच्या दुकानात घुसली — थेट जुन्या टायरच्या ढिगात.

टायर पडले. ती पडली नाही, कारण कुणीतरी हँडल धरलं होतं. त्याच्या गालावर ग्रीसचा पट्टा, आणि हसू लपवायचा अजिबात प्रयत्न नाही.

"मला ब्रेक दाखवायचेच होते," ती ऐटीत म्हणाली.

"दाखवलेत की. सगळ्या बेलापूरला दिसले."

त्याचं नाव शिवतेज. दुकान काकांचं, हौसेरावांचं. पण जुन्या सायकलींना नवी चाकं बसवायचं खूळ ह्याचं. साधीसुधी चाकं नाहीत हं! तिन्ही गिअर हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या डब्याच्या पोटात, ड्रम ब्रेकही हबच्या पोटात. "पाऊस रिमवर पडू दे नाहीतर समुद्र," तो म्हणाला, "ब्रेक आतमध्ये कोरडा."

क्षिप्रा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. शिकवण्या घ्यायला रोज हिलवर जायची. जाताना सायकल ढकलायची आणि येताना सगळे देव आठवायचे. तिने तिथेच ठरवून टाकलं.

"बसवा. पण फ्रेम आईची आहे. ओरखडा नको."

"फ्रेमला की आईला?"

"दोघींना!"

रविवारी ती मुद्दाम बघायला गेली. नवं चाक रुंद आणि फ्रेमचे मागचे पाय जवळजवळ, त्यामुळे चाक आत शिरेना. शिवतेजने दोन पायांच्या मधे आट्यांची सळई आडवी धरली, दोन्ही टोकांना आतून नट लावले आणि एक पाना तिच्या हातात दिला.

"मी म्हणेन तेव्हाच फिरवायचा. थोडासाच. दोन्हीकडून सारखं उघडायला पाहिजे, नाहीतर एकच बाजू वाकते."

"आणि घाई केली तर?"

"मी घाई करत नाही..." असं म्हणून त्याने नेमकं तेव्हाच वर बघितलं. क्षिप्राचा पाना सटकला!

मग फ्रेम सरळ राहिली का ते बघायला दोरा ताणायचा होता. एक टोक तिच्या बोटांत, दुसरं त्याच्या. फ्रेम सरळ निघाली. दोरा मात्र कुणीच आधी सोडला नाही.

चाकं बसली. पहिल्या गिअरवर क्षिप्रा गाणं म्हणत हिल चढली आणि भर पावसात उतरताना चपला पायातच राहिल्या.

"गिअरची नवी केबल वापरून ताणली जाते," शिवतेजने बजावलं होतं. "ढिली पडली की पहिला गिअर पडत नाही. आठवड्याने दाखवायला या."

ती गेली. मागच्या चाकाजवळची केबलची छोटी नळी त्याने दोन आटे फिरवली, झालं काम! दोन मिनिटांचं... पण चहा आणि गप्पा तासभर. पुढच्या रविवारी केबल ठणठणीत निघाली आणि क्षिप्राचं तोंड उतरलं. आता काय सांगून जायचं?

मग तिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये उकिडवं बसून ती नळी स्वतःच फिरवली. केबल ढिली! नंतर दर रविवारी हाच उद्योग. तुम्हीचं तू कधी झालं, कळलंही नाही. हौसेराव तेवढे डोळे बारीक करून म्हणायचे, "पोरी, तुझ्या सायकलला दृष्ट लागलीय. लिंबू-मिरची बांधू का?"

आणि मग एका रविवारी शिवतेज म्हणाला, "पुढच्या आठवड्यात आमी तळोज्याला चाललो. मोठी शेड मिळालीय. तिथल्या कामगारांकडं जुन्या सायकली रग्गड."

"अरे वा, छान," क्षिप्रा म्हणाली. छान कसलं डोंबलाचं!

आठवडाभर तिचं कशात लक्ष लागलं नाही. रविवारी पळत पार्किंगमध्ये गेली, नळी फिरवली आणि निघाली. दुकानासमोर टेम्पो उभा होता. निम्मं सामान चढलंही होतं. आज बोलली नाही तर उद्या इथे नुसतं बंद शटर... पण तोंडातून आलं तेच, नेहमीचं.

"पहिला गिअर पडत नाही."

शिवतेजने मागचं चाक उचललं, पेडल फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग हळूच हसला.

"पहिला लोण्यासारखा पडतोय. तिसरा, सपाटीवरचा, गायब आहे. केबल घट्ट झालीय."

"मग?"

"मग काय... वापरून केबल ढिली होते, क्षिप्रा. आपोआप घट्ट झालेली केबल आजवर माझ्या बघण्यात नाही."

अगं बाई! घाईत उलटी फिरवली होती! तिचे कान तापले. क्षणभर वाटलं, सायकल टाकून पळावं. पण मग तिने हनुवटी वर केली.

"मी फिरवली. दर रविवारी मीच फिरवते. कारण मला यायचं असतं. सायकल दाखवायला नाही... तुला बघायला. बास?"

टेम्पोवर दोर आवळणारे हौसेराव तिथेच थांबले.

शिवतेज खाली बघत नळीशी चाळा करत होता. "इथं एक चेकनट असतो," तो म्हणाला. "हा आवळला की नळी हलतच नाही. केबल आठ-आठ महिने बघावी लागत नाही. सगळ्यांच्या सायकलींना मी तो आवळून देतो."

"आणि माझ्या?"

"तुझ्या..." त्याचा ग्रीस लागलेला गालसुद्धा लाल झाला. "एकदाही नाही आवळला."

"लबाड!"

"तू कोण गं मग?"

दोघंही हसत सुटली. त्याने नळी सरळ केली, तिसरा गिअर लावून बघितला आणि खिशातून पाना काढून चेकनट करकचून आवळला.

"हे काय करतोस?"

"आता कारण नको ना लागायला."

"आटपा रे!" हौसेराव ओरडले. "दृष्ट उतरली एकदाची. टेम्पोवाला खोळंबलाय!"

शिवतेज टेम्पोत चढता चढता थबकला. "तळोजा लांब पडेल गं... येशील?"

क्षिप्रा सीटवर बसली आणि बोटाने हँडलवरचा गिअरचा खटका दाबला. टक्!

"रस्ता सपाटच आहे ना? मग तिसऱ्यात येते. तू चहा टाक!"