काचेआडचं गुपित

धाकट्या बाईंनी वर्गाच्या लाकडी जमिनीवर पाय आपटला. कर्णबधिर मुलांना हाक मारायची ती रीतच. मुलं वळली, पण खिडकीशी बसलेला नवा दुरुस्तीवाला असा काही दचकला, की देणगीतून आलेल्या श्रवणयंत्राचा इवलासा स्क्रू त्याच्या हातून उडाला. मग काय, दोघंही गुडघ्यांवर! शोधता शोधता डोक्यावर डोकं आपटलं... आणि तेव्हापासून बाईंचं चित्त काही थाऱ्यावर नव्हतं.

त्याला पाठवलं होतं देणगीदार संस्थेने. काम आता संपत आलं होतं. इथेच कायम राहणार की पुढच्या शाळेत जाणार, हे त्याने संध्याकाळपर्यंत संस्थेला कळवायचं होतं. आणि हा पठ्ठ्या अजून बाईंशी हवापाण्याच्याच गप्पा मारत होता!

शेवटी न राहवून बाईंनी शिक्षकांच्या खोलीचं दार लावलं आणि ताईला फोन केला. येरझाऱ्या घालत, अगदी हळू आवाजात मन मोकळं केलं. ताई म्हणाली, तूच विचार की त्याला.

“मी नाही विचारणार,” बाई म्हणाल्या. “पण तो गेला तर... ताई, मला तो फार आवडतो गं.”

खिडकीची काच बंद होती. पलीकडे व्हरांड्यात तो मुलांच्या कानांत यंत्रं बसवून बघत होता. काचेतून आवाज जात नाही, पण ओठ दिसतात. आणि ओठ वाचायला मुलांना शिकवलं कोणी? बाईंनीच! वर्गातल्या चिमणी नावाच्या चिमुरडीने लगेच दुरुस्तीवाल्याची बाही ओढली आणि हातवारे करून सगळं सांगून टाकलं. एवढी खुणांची भाषा एव्हाना त्यालाही येत होती.

तो लावलेलं दार ढकलून उंबऱ्यात उभा राहिला. कान लालबुंद.

“थांबू का मी?” त्याने विचारलं. “यंत्रांसाठी नाही हं... तुमच्यासाठी.”

“तुम्हाला — कोणी सांगितलं?”

त्याने नुसतं खिडकीकडे पाहिलं. बाहेर सगळ्या वर्गाने तोंडावर हात ठेवले होते. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि हसूही आवरेना. चिमणी तर काचेला नाक लावून उभी होती.

बाईंनी ओठांपुढे आडवा हात धरला, त्याच्याजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, “थांबा ना.”

तेवढ्यात व्हरांड्यात कोणीतरी धाडकन पाय आपटला. दोघंही दचकून वळली. चिमणीच ती. तिला काही म्हणता काही दिसलं नव्हतं.